पायरीवरचं घोंगडं

आमच्या चारठाणा गावच्या जुन्या देवळांवर निजाम सरकारनं एक चौकीदार नेमला होता. तो रोज आमच्याकडं ताक प्यायला यायचा. ओसरी चढताना पहिल्या पायरीवर मात्र कधी पाय ठेवायचा नाही. गुडघा धरून, कण्हत, थेट दुसरी गाठायचा. मी मागून नक्कल करायचो. ती पायरी म्हणजे आजोबांनी देवळातून आणलेला दगड. त्यावर नाचणारी बाई कोरलेली होती, आमच्या पायांनी तिचं तोंड झिजलेलं.

एकदा हैदराबादचे साहेब देवळांची तपासणी करून आमच्या अंगणात चहाला बसले. चौकीदारानं लगबगीनं त्या पायरीवर घोंगडं पसरलं आणि वर बसला.

"कुछ गायब तो नहीं?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई सरकार, समदं जागच्या जागी हाय."

वडील बशीत फुंकर मारत राहिले. घोंगडं सरकलं असतं, तर नोकरी त्याची गेली असती. आमचं काही बिघडलं नसतं.

साहेब गेल्यावर त्यानं घोंगडं उचललं, दगडाला हात लावून कपाळाला नेला. "माफ कर माय," म्हणाला आणि ताक न पिताच गेला.

तेव्हापासून आम्ही सगळे ती पायरी ओलांडूनच जातो. दगड देवळात परत नेऊ, असं मात्र कुणी म्हणालेलं नाही. मीसुद्धा.