दिगू म्हणे

हिंगणघाटची यष्टी सुटायच्या आधी आमच्या भजन मंडळाचे मुख्य, बापूराव काका, फाट्यावर आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी मला वळकटी सोडायला लावली. "खंजिरी मंडळाची हाय. ठेव इथंच." ठेवली. वांग्यांच्या टोपल्या टपावर चढवणारी माणसं हात थांबवून पाहत होती, त्यांत माझे बाबाही होते. साल पंच्याहत्तर. नागपूरला पोस्टात कारकुनाची नोकरी लागली होती, तीही परीक्षा देऊन. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. गावातून निघाला होता, आणि गावानं शाल-नारळ द्यायच्या ऐवजी त्याची झडती घेतली.

गाडी सुरू झाली तेव्हा बाबा खिडकीशी आले. म्हणाले, "मायले कागद टाकत जाजो. मले नोको."

महिन्याभरापूर्वी मी बाप्तिस्मा घेतला होता.

अल्लीपूरपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात तेव्हा बोललं गेलं, शिवरामचा पोट्टा मिशनच्या फुकट दुधाच्या पावडरीवर बाटला. आज हे लिहितानाही डोकं तापतं. घरी दुभती म्हैस असताना मी पावडर कशाला पिऊ? नोकरीसाठी बाटला म्हणणाऱ्यांना तर मी निकालाचा कागद दाखवला होता. त्यांना वाचता येत होतं, वाचायचं नव्हतं.

खरं काय ते एकदा सांगून टाकतो. वर्ध्याला कॉलेजात होतो तेव्हा टायफॉईडनं दवाखान्यात पडलो. अंथरूण घाण झालं की सोबतीला आलेले मित्रही नाकाला रुमाल लावून बाहेर जायचे. तिथं साफसफाई करणारे एक म्हातारे ख्रिस्ती होते, अंतोन मामा. ते कोमट पाणी आणून माझे हातपाय धुवायचे, अगदी बोटांच्या बेचक्यांतून. मी विचारलं, "मामा, काऊन करता एवढं? मी तुमचा कोण?" ते म्हणाले, "ज्यानं माहे धुतले, त्यानं सांगतलं का दुसऱ्याचे धू." एवढंच. ना पत्रक दिलं, ना पावडर.

मी हादरलो, कारण माझं गाणं तेच होतं. सोळाव्या वर्षी वांग्याच्या वाफ्यात पाणी वळवताना ते रचलं होतं, आणि मंडळात सगळे म्हणायचे.

चिखलानं भरले हात माहे, धू रे बापा, धू,
दिगू म्हणे, मळलो मी, मळत नाही तू.

रचलं तेव्हा कोणासाठी, ते मला ठाऊक नव्हतं. त्या खाटेवर कळलं. ज्यानं गुडघे टेकून चेल्यांचे पाय धुतले, तो देव मला पटला. अजूनही पटतो.

दिगू मीच, दिगंबर. आमच्याकडं भजनाच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं. बाबांनीच शिकवलं होतं मला, तालही आणि हेही. म्हणायचे, "नाव नसलेलं भजन म्हंजे बिनखुंट्याचं ढोर. कोनीबी हाकलून नेते."

नागपुरात आलो तेव्हा वाटलं, आता आपली माणसं भेटली. चर्चमध्ये ऑर्गन, क्वायर, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती साहेब लोक. मला म्हणायचे "न्यू कन्व्हर्ट". दहा वर्षं झाली तरी न्यूच. पगारातून नवी खंजिरी घेऊन गेलो, तर, "भैया, ये मंदिर नहीं है." गाणं मात्र आवडलं त्यांना. गीतांचं पुस्तक निघालं, त्यात छापलं. उघडून पाहतो तर "माहे"चं "माझे" केलेलं, शेवटची ओळ गायब, आणि खाली लिहिलेलं, पारंपरिक.

मी पास्टरसाहेबांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "देवाच्या गीतात आपलं नाव म्हणजे अहंकार, ब्रदर."

"अन् तुमच्या बाकांवर देणगीवाल्यांची नावं कोरलीत, तो काय नम्रपणा हाय?"

देवाला मी सोडलं नाही. समोरच्या बाकावर बसणं सोडलं.

घरी पत्रं टाकत राहिलो, आईच्या नावानं. आईला अक्षर येत नव्हतं. घरात वाचता येणारे एकटे बाबा, चौथी शिकलेले. म्हणजे माझा प्रत्येक कागद त्यांनीच वाचला असणार, मोठ्यानं. नवीन गाणं रचलं की मी मुद्दाम पूर्ण लिहायचो, दिगू म्हणे सकट. उत्तर एकदाही आलं नाही.

पंच्याऐंशीत चुलतभावाची तार आली, आई आजारी आहे. दिवेलागणीला पोचलो. अंगणात आईच्या खाटेशी बसलो, तर समोरच्या मारुतीच्या देवळात भजन चाललं होतं. आईनं माझं मनगट धरलं. "ऐक. तुह्यंच लावलं."

माझंच होतं. तीच चाल, तेच शब्द, आणि शेवटी काय, तर "दास म्हणे". माणूस बाटला म्हणून नाव काढलं, गाणं बाटलं नाही म्हणून ठेवून घेतलं! इकडं पारंपरिक आणि तिकडं दास. मी उठणारच होतो, भांडायला.

तेवढ्यात सगळ्यांच्या आवाजावर एक खरखरीत आवाज चढला, "दिगू म्हणे." टाळ अडखळले.

बापूराव काकांचा आवाज आला, "शिवराम, दास म्हन, दास. चुकला तू."

"चुकलो नाई," बाबा म्हणाले. "ढोर माह्या घरचं हाय."

घरी आले तेव्हा माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. ओसरीच्या कोनाड्यात एक पेला वेगळा ठेवलेला होता, बाटलेल्या मुलासाठी. तोच भरला, माझ्यापुढं ठेवला आणि बैल पाहायला गोठ्यात गेले. राग तेव्हाही आला, आजही आहे. पाणी प्यालो.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांनो, घर कुठं, असं मला लोक विचारतात. गावानं खंजिरी काढून घेतली आणि चर्चनं ओळ. माझं घर तेवढंच, देवळातला एक खरखरीत आवाज. त्यानं मला कधी कागद टाकला नाही आणि माझा पेला कधी आपल्या पेल्याशेजारी ठेवला नाही. पण माझी शेवटची ओळ त्यानं कोणाला हाकलून नेऊ दिली नाही.