सहादू मिस्तरी आणि न जळणारा पत्रा

मखमलाबादच्या मळेकऱ्याचं पोर, पण झेंडूच्या वाफ्यापेक्षा सहादूचा जीव शिडीवर. दोन हजार सालानंतर नाशकातल्या इमारती नव्या नवरीसारख्या नटू लागल्या, तेव्हा त्यांच्या तोंडावर एसीपीचा पत्रा मढवायला जो तो सहादू मिस्तरीलाच बोलावी. पत्रा म्हणजे काय, तर दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमचा पापुद्रा अन् मधे काळं प्लास्टिक. वजनाला पापड!

काम उरकलं की सहादूची एक रीत होती. उरलेल्या तुकड्यावर कापूर पेटवायचा अन् इमारतीला ओवाळायचं. कापूर विझला की फडकं फिरवायचं, पत्रा पुन्हा लख्ख. "बघा शेठ, जळतंय का काही?" मालक खूश, सहादू दुप्पट खूश. पत्रा कधी जळत नसतो, हे त्यानं गावभर पटवलं, अन् सगळ्यांच्या आधी स्वतःला.

कातरणं घरी यायची. एकदा सरपण सरलं म्हणून बायकोनं, चांगुणानं, त्यातलं एक न्हाणीतल्या बंबात घातलं. काळाकुट्ट धूर झाला अन् कापल्या कडेतून पेटते थेंब गळू लागले.

"अहो, तुमचा पत्रा मेणबत्तीवानी गळतोय की!"

"अगं, बंबात काय घातलं तर जळणार नाय?" सहादू हसत सुटला. "भिंतीवर कोण बंब पेटवतंय?"

"पण आतलं ते काळं..."

"तू तुझा झेंडू खुड. पत्र्याचं माझ्यावर सोड."

पुढं त्यांची एकुलती सायली शिवणक्लासला निघाली. क्लास नेमका सहादूनंच मढवलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. चांगुणा म्हणाली, दुसरा बघू. बाप छाती फुगवून म्हणाला, "माझ्या हातची भिंत हाय. लेक तिथं नाय बसायची तर कुठं?"

एका रणरणत्या दुपारी त्या इमारतीच्या पायथ्याशी कुणीतरी कचरा पेटवला. जाळ पत्र्याच्या खालच्या कडेला लागला. पत्रा अन् भिंत यांच्यामधे चौकटीसाठी पोकळी होती, तिचं धुराडं झालं. आग सरसर वर चढली. बाकीच्या पोरी जिन्यानं उतरल्या. सायली खिडकीजवळच्या मशीनवर होती. धुरात तिला दार सापडलं नाही.

सहादू धावत पोचला, तेव्हा वरून पेटते थेंब गळत होते.

चांगुणा रडली, पण बंबाचं नाव तिनं काढलं नाही. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर सहादूला घास गिळता आला असता.

मग तो एकेका मालकाच्या दारात जाऊ लागला. "शेठ, पत्रा उतरवा. जळतो तो."

"मिस्तरी, तिथं कचरा पेटवला म्हणून झालं. आमच्याकडं कोण पेटवतंय?" एक म्हणाला. दुसऱ्यानं चहा पाजला अन् पाठीवर हात ठेवला, "पोर गेली, डोकं थाऱ्यावर राहत नाही. घरी जा."

शेवटी पंचवटीतले औषधवाले खंडेराव तेवढे म्हणाले, "उतरवा. उघडी भिंत दिसली तर दिसू दे."

सहादूनं शिडी लावली अन् तो चढू लागला. तेवढ्यात खाली कुणीतरी शिडी धरली. मळ्यातून तशीच आलेली, पदर खोचलेली चांगुणा.

"सावकाश," ती म्हणाली.

त्यानं पहिला पत्रा सोडवून खाली दिला. तिनं तो भिंतीपासून लांब नेऊन ठेवला, परत आली अन् दुसऱ्यासाठी हात वर केले.