जपानीची वही

अख्ख्या महागावात जपानी येणारा एकच माणूस होता, असं तो माणूस स्वतः सांगायचा. आमच्या शेजारी त्याचं बियाणं-फवाऱ्याच्या औषधांचं दुकान. गल्ल्यामागे टीव्ही आणि जुना व्हिडिओ गेम. जपानी गेमच्या सीड्या चालाव्यात म्हणून नागपूरहून आत वेगळी चिप बसवून आणलेला. झाकण बसत नव्हतं, म्हणून वर तराजूचं वजन.

वाचता त्याला एक अक्षर येत नव्हतं. पण कोणत्या अक्षरावर बटण दाबलं की तलवार मिळते, हे तो अक्षराचं चित्र काढून वहीत टिपायचा. ती वही आल्यागेल्याला दाखवायचा. "सहा महिने डोकं लावलं बाप्पा. लोकायपाशी सबुरीच नाही."

त्या वर्षी कपाशीवर बोंडअळी पडली. त्याच्याच दुकानातून नेलेली बाटली घेऊन एक बाई आली. वरचा सगळा मजकूर तेलुगू.

"एका पंपाले किती टाकाचं, भाऊ? काय लिहेल हाये यावर?"

त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. "मले तेलुगू कुठं येते, मावशी? टाका अंदाजानं."

ती बाटली घेऊन गेली. त्यानं वही उघडली आणि पडद्यावरचं नवं अक्षर, एकही रेघ चुकू न देता, उतरवून घेतलं.