मामाच्या निधनाची चाचणी

सोलापुरात येऊन राहिलेल्या आमच्या माढ्याकडच्या मंडळींचे एक मंडळ आहे. त्याची वेबसाइट मी सांभाळतो. कुणाच्या घरी कुणाचे निधन झाले की कार्यालयाने एकच फॉर्म भरावा आणि बातमी तीन ठिकाणी जावी, अशी मागणी होती: वेबसाइटवर, सोलापुरातल्या सभासदांना मेसेजने आणि पुण्या-मुंबईच्या सभासदांना मेसेजने. पण भरलेला फॉर्म एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणून मी मध्ये एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, बसवली. तिने फॉर्म घ्यायचा आणि पुढच्या तिन्ही स्क्रिप्टना तोच मजकूर द्यायचा.

चाचणीला सभासद क्रमांक लागत होता. मला दोनच पाठ होते, माझा आणि मामाचा. निधनाच्या फॉर्मात स्वतःचा घालायला हात धजेना. मामाचा घातला. हे लिहितानाही लाज वाटते. 'प्रत्यक्ष पाठवू नये' अशी सूचना मी मधल्या स्क्रिप्टमध्ये दिली होती. ती पुढेही लागू होईल असे धरून चाललो. ती प्रत्येकीत वेगळी द्यावी लागत होती. बटण दाबल्यावर मामाच्या निधनाचा मेसेज माझ्याच मोबाइलवर वाजला, तेव्हा कळले.

मी मामाच्या घरी पोचलो तर गल्लीच्या तोंडापासून बायकांचे रडणे सुरू झाले होते. मामी गेल्यापासून मामा एकटाच राहतो. गलका ऐकून तो बनियनवर दारात आला.

"आवो, तुमी तर हायसा की!" मंडळाचे एक म्हातारे सभासद हार पाठीमागे लपवत म्हणाले.

"मग आता तुमच्या हारासाठी जाऊ व्हय?"

लोक हसले. मी मामाचे पाय धरले.

"ऊठ. आसं झालं की आयुष्य वाढतं म्हणत्यात."

लोक पांगल्यावर मी दुरुस्तीचा मेसेज लिहायला घेतला. मामाने माझा हात धरला.

"सोलापूरवाल्यांना धाड. भायेरच्यांना सांजपतुर ऱ्हाऊ दे."

मला समजले. माझा मामेभाऊ पुण्यात असतो. त्याच्या लग्नावरून दोघांचे बिनसले, ते बोलणे पुन्हा सुरू झालेच नाही. "मी गेलो की येईल बघ," असे मामा नेहमी म्हणायचा. मी त्याला थांबवायला हवे होते. पण हे सगळे माझ्याच चुकीने झाले होते, मी कोणत्या तोंडाने बोलणार?

त्याने धुतलेला सदरा घातला आणि मुलाची वाट बघत दारात बसला. पुण्याच्या ओळखीच्या लोकांचे फोन येत राहिले. प्रत्येक वेळी तो नाव बघायचा आणि मोबाइल माझ्याकडे द्यायचा. मी तेच तेच सांगून माफी मागत होतो. जेवण त्याने नको म्हटले.

उन्हे उतरली तरी कुणी आले नाही.

"त्याला गेला आसंल न्हवं मेसेज?"

मी दुपारीच बघितले होते. पोचला होता. त्याने वाचला की नाही, देव जाणे.

"बाहेरगावची स्क्रिप्ट चाललीच नाही, मामा. तिकडे कुणालाच गेला नाही."

मामाने हातातल्या मोबाइलकडे बघितले. दिवसभर त्यावर पुण्याचेच फोन येत होते.

"आसंल," तो म्हणाला. "तरी दुरुस्ती धाड. उगं त्याला वाटायचं, बाप खरंच मेला."

मी तिथे पायरीवर बसून ती पाठवली.