डॉक्टरांच्या गाडीचा भाता

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. नाशिकला मेन रोडच्या मागच्या गल्लीत माझं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान होतं. एका सकाळी आमच्या भागातले डॉक्टर घाईघाईने आत आले.

"पेटीवाले, तुम्हाला भात्यातलं कळतं ना?"

"कळतं की. आणा पेटी."

"पेटी नाही हो. मोटार आहे."

देवळाली कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा डॉक्टरांनी त्याची मोटार घेतली होती. लांब नाकाची, हिरवी, दोनच माणसं बसतील अशी. साध्या मोटारीचं इंजिन हवा आपली आपण ओढतं. हिच्यात मात्र हवा दाबून कोंबणारं एक यंत्र होतं. डॉक्टरांची गाडी बघणारे मिस्त्री त्याला भाता म्हणत. त्या भात्यामुळे गाडी उधळल्यासारखी पळायची, पण दोन महिन्यांत इंजिन खडखडू लागलं आणि एका पिस्टनला मधोमध बोराएवढं भोक पडलं. मिस्त्रींनी मुंबईहून नवा पिस्टन मागवून बसवला, आणि आठवड्याच्या आत इंजिनातून पुन्हा तोच जुना आवाज यायला लागला.

डॉक्टरांनी आधी स्वतःच तपासून पाहिलं होतं. दवाखान्यासमोर बॉनेटला स्टेथास्कोप लावून ते अर्धा तास उभे होते आणि आत रोगी ताटकळत होते. "डाव्या बाजूला घरघर आहे," असं त्यांचं निदान. एरंडेल द्यावं का, असंही त्यांनी मिस्त्रींना विचारलं. ते थट्टेने विचारत होते, पण मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "शर्यतीच्या गाड्यांना देतात साहेब. पण त्याने हे जाणार नाही."

मिस्त्रींना बेअरिंगचा संशय होता. म्हणजे इंजिन पुन्हा उघडायचं. त्याआधी कुणीतरी कानाचा माणूस आणा, असं त्यांनीच सुचवलं होतं.

आम्ही त्र्यंबकच्या रस्त्याला निघालो. डॉक्टर चालवायला, शेजारी मिस्त्री, आणि जागा नसल्यामुळे मी मडगार्डवर. बॉनेट तापतं म्हणून मी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि कान पत्र्याला टेकवला. वाटेत एका बैलगाडीवाल्याने मला त्या अवस्थेत पाहिलं.

"डागदर, लय दुखतंय का यान्ला?"

"थोडं दुखतंय!" डॉक्टर ओरडले. मला खुलासा करायला वेळच मिळाला नाही.

सपाटीला इंजिन गोड चालत होतं. अंजनेरीच्या अलीकडे चढ लागला, डॉक्टरांनी पाय दाबला, तसा भात्याचा सूर वर चढू लागला. मी पेटीच्या पट्ट्या ओरडून सांगत गेलो, पांढरी एक, काळी एक, काळी दोन. आणि एकदम डब्यात चिंचोके हलवावेत तशी खळखळ सुरू झाली. मी हात वर केला. पाय सुटला, सूर उतरला, चिंचोके थांबले. तीनदा केलं, तीनदा तसंच.

"बेअरिंग ढिलं असतं तर उभ्या गाडीतही वाजलं असतं," मिस्त्री म्हणाले. "हे फक्त जोर पडला की वाजतंय. ठिणगी लवकर पडते आहे. पिस्टन वर येतोय तोवरच आत भडका, आणि वरून भात्याचा दाब. भोक नाही पडणार तर काय?"

ठिणगी कधी पडावी हे ठरवणारा एक छोटा दांडा स्टिअरिंगच्या मधोमध असे. मिस्त्रींनी तिकडे पाहिलं. दांड्यावर डॉक्टरांची औषधांची पिशवी लटकत होती. तिच्या वजनाने दांडा पार टोकाला गेला होता.

"साहेब, ही इथे रोज असते?"

"मग कुठे अडकवायची? खुंटी कुठेय गाडीत?" डॉक्टर उलट त्यांच्यावरच चिडले.

पिशवी माझ्या मांडीवर आली. मिस्त्रींनी दांडा मागे घेतला, आणि तोच चढ आम्ही पुन्हा चढलो. खळखळ नाही. तरीही मिस्त्रींनी ताकीद दिली, की गावातलं पेट्रोल हलकं आहे, चढावर भाता काळी दोनच्या वर जाऊ द्यायचा नाही.

"काळी दोन म्हणजे केवढी?" डॉक्टरांनी विचारलं.

दुकानात परतल्यावर मी पेटीवर ती पट्टी वाजवून दाखवली. डॉक्टरांनी गाऊन दाखवली ती तिच्या आसपासही नव्हती. त्यांना सुराचा गंधच नव्हता. शेवटी इंजिन वाचवायचं म्हणून ते रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन आ लावू लागले. शेजारच्या शिंप्याने दोनदा विचारलं, कुणाला काही झालंय का. चार महिन्यांनी सूर बसला. मग ते चढावर काळी दोन धरून मोठ्याने गायचे, आणि भाता त्यांच्या सुराच्या वर गेला की पाय सोडायचे. खेड्यातले रोगी तो आवाज ऐकूनच अंथरूण आवरू लागले.

पिस्टन पुन्हा कधी फुटला नाही. पण डॉक्टरांना गाण्याची गोडी लागली ती कायमची. "आता यमन घेऊ या," असं म्हणत ते दिसले की मी दुकानाची फळी ओढून घेत असे.