डोकं तपासणाऱ्या बाई

आम्ही जुन्या शिक्षिका कुणाच्या घरी जमलो, की चहा थंड होईपर्यंत पोरांच्याच गोष्टी चालतात. शिकवलेलं व्याकरण कुणाला आठवत नाही. कुठलं पोर कधी काय म्हणालं, ते मात्र शब्दन्‌शब्द आठवतं. माझ्याकडे तर अशा गोष्टींचा ढीगच आहे, कारण पोरं काय बोलतात ते ऐकणं हेच माझं काम होतं. पंचाईत एवढीच, की गोष्ट ऐकून सगळ्या हसतात आणि मग कुणीतरी विचारतं, "पुढं काय झालं गं त्याचं?" बहुतेक वेळा मला ते माहीत नसतं. माहीत असतं तेव्हा सांगावंसं वाटत नाही.

लढाईची वर्षं होती ती. मी वाईची. पुण्याला ट्रेनिंगमध्ये बालमानसशास्त्र शिकले आणि पलूसच्या बाजूला, नदीपासून जवळच्या एका गावच्या प्राथमिक शाळेत नेमणूक झाली. हेडमास्तर वाचणारे गृहस्थ होते. जे पोर वर्गात रडतं, मारामारी करतं किंवा मुकं बसतं, त्याला छडी न मारता तासभर माझ्याकडे पाठवायचं, असं त्यांनी ठरवलं. लेझमी आणि फाटके नकाशे ठेवायची खोली त्यासाठी रिकामी करून दिली. गावात बातमी अशी गेली, की पुण्याहून पोरांचं डोकं तपासणाऱ्या बाई आल्यात.

पहिल्याच आठवड्यात एक आई पोराला दंडाला धरून घेऊन आली. त्याची मान माझ्यापुढं वाकवून म्हणाली, "बघा बाई, लय झाल्यात. रातभर खाजवतंय."

उवा! माझं काम वेगळं आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर ती खुरपणीला निघूनही गेली होती. शेजारच्या घरून फणी मागवली आणि बसले. समोर बसवून प्रश्न विचारले असते तर तो पोरगा तोंडाला कुलूप लावून बसला असता. पाठमोरा, मान खाली घालून मात्र तो आपोआप बोलायला लागला. धाकट्या बहिणीचा ताप, बापाची दारू, वर्गात तो कुणाला मारतो आणि का, सगळं सांगून मोकळा झाला. पुढं मी ती फणी खोलीत कायमचीच ठेवली. पुण्याला गेले तेव्हा आमच्या प्रोफेसरांना हे सांगितलं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "ही पद्धत कुठल्या पुस्तकात आहे?"

बापाच्या दारूवर काही फणी चालली नाही. चौथी व्हायच्या आत पोरगा गुऱ्हाळावर कामाला लागला. शेवटचं बघितलं तेव्हा काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारत होता. मला बघून त्यानं मान फिरवली.

*

पुण्याहून बुद्धिमापनाची चित्रं आणली होती. चित्रात काय राहिलंय ते पोरानं ओळखायचं. त्यात एक घर होतं, साहेबाच्या मुलखातलं, आणि बरोबर उत्तर होतं धुराडं. आमच्या गावात धूर कौलांतून जायचा. एकानं सांगितलं, गोठा राहिलाय. दुसऱ्यानं सांगितलं, कुत्रं.

येसू सात वर्षांची. वर्गात तिला मंद म्हणायचे. तिनं चित्र खूप वेळ निरखलं आणि म्हणाली, "ह्या घरात आई न्हाई."

कशावरून, मी विचारलं. तिनं बोट ठेवून दाखवलं. दार सताड उघडं होतं आणि अंगणात सडा नव्हता.

तिची आई आदल्या वर्षी बाळंतपणात गेली होती.

साताऱ्याहून इन्स्पेक्टर आले, त्यांनी ते उत्तर चूक धरलं. मी समजावून सांगितलं, हेडमास्तरही बोलले. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण तिला धुराडं दिसायला हवं होतं."

येसूला पुन्हा पहिलीत बसवलं. तिच्या बापाला तेवढंच निमित्त हवं होतं. शिकत न्हाई तर घरात पोर तरी सांभाळंल, म्हणाला. मी दोनदा घरी जाऊन आले. दोन्ही वेळा अंगणात सडा घातलेला होता, आणि भाऊ कडेवर घेऊन येसू दारात उभी होती.

*

दत्तू डावखुरा होता. पहिलीच्या गुरुजींनी त्याचा डावा हात दोरीनं बाकाला बांधून उजव्यानं अक्षरं गिरवून घेतली. अक्षर काही आलं नाही. आलं ते तोतरेपण. स्वतःचं नाव सांगतानाही 'द' वर अडकायचा.

हेडमास्तरांची परवानगी काढून मी त्याला माझ्या खोलीत डाव्या हातानं लिहू दिलं. गुरुजी आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दत्तू वर्गात उभं राहून कविता म्हणायला लागला. गुरुजींनी ती ऐकली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, दोरी मी विहिरीत टाकली." मोठ्या मनाचा माणूस.

दत्तूच्या आजोबाला मात्र पटलं नाही. तो सरळ शाळेत आला आणि मला म्हणाला, "आवं, डाव्या हातानं देवाला निवद दावायचा का त्यानं?" त्यानं घरी नवी दोरी काढली. मग असं झालं, की दत्तू शाळेत घडाघडा बोलायचा आणि घरी अडकायचा.

चौथी झाल्यावर त्याला सांगलीच्या हायस्कुलात घातलं. वर्षभरानं बाजारात भेटला. हात उजवा झाला होता. मी विचारलं, ओळखलंस का मला? त्यानं मान डोलावली. बोलायला तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि मग नुसताच हसला.

*

सुभी आटपाडीकडची. तिकडं पाऊस नाही म्हणून आई-बाप आमच्या बाजूला ऊसतोडीला आलेले. एका पोराच्या डोक्यात तिनं पाटी घातली, रक्त आलं, म्हणून तिला माझ्याकडे पाठवलं. पोराचा गुन्हा काय, तर पाटी पुसल्यावर तांब्यातलं उरलेलं पाणी त्यानं दाराबाहेर भिरकावलं होतं.

"पानी सांडतोय त्यो," एवढंच ती म्हणत राहिली.

मला वाटलं, हिला पाणी दाखवावं म्हणजे जीव शांत होईल. संध्याकाळी तिला नदीवर घेऊन गेले. कृष्णा भरून वाहत होती. सुभी काठावर उभी राहिली. पाण्यात गेली नाही, हात घातला नाही. तिनं विचारलं, "ह्ये कुनाचं?"

मी म्हटलं, "सगळ्यांचं."

ती माझ्याकडे वळली. "मग आमच्या गावाला का न्हाई?"

मी शिकलेली बाई. उत्तराची जुळवाजुळव करत तिच्याबरोबर परत आले. ते जुळायच्या आत तोड संपली आणि त्यांची माणसं गाव सोडून गेली.

*

आता शिवाचं सांगते.

शिवाचा बाप नामदेव पलटणीत होता. पोर पाळण्यात असताना लढाईवर गेला. आईनं भिंतीवरचा फोटो दाखवून शिवाला बाप शिकवला होता: फेटा, भरघोस मिशा, हातात बंदूक. शिवा दुसरीत आला आणि दुपारनंतर शाळेतून नाहीसा व्हायला लागला. चौकशी केली तर कळलं, रोज स्टेशनवर जाऊन बसतो. बाप गाडीनं येणार असं आई म्हणाली होती.

मी त्याच्याशी करार केला. शाळा सुटेपर्यंत वर्गात बसायचं आणि संध्याकाळच्या गाडीला जायचं. त्यानं तो पाळला. स्टेशनमास्तर भला माणूस, तो त्याला बाकावर बसू द्यायचा.

लढाई संपली आणि नामदेव आला. पण आगगाडीनं नाही, दुसऱ्याच वाटेनं एका मालमोटारीतून गावात उतरला. ब्रह्मदेशातल्या हिवतापानं अर्धा झाला होता. मिशा गेलेल्या, डोक्यावर खाकी टोपी, चालताना पाय ओढायचा.

दुसऱ्या दिवशी शिवा खोलीत आला आणि फणीपुढं मान घालून म्हणाला, "बाई, आमच्या घरी एक मिल्ट्रीवाला आलाय. आई त्याला जेवाय घालती."

मी सांगितलं, अरे, ते तुझे वडील. त्यानं माझ्याकडे दयेनं बघितलं. माझी काहीतरी चूक होत होती, पण मोठ्या माणसाला कसं सांगावं, असं ते बघणं. आणि संध्याकाळी स्टेशनवर गेला.

आईनं मारलं. आजीनं दृष्ट काढली. मी फोटो आणवला आणि नाक, कपाळ, कानाची पाळी एकेक जुळवून दाखवली. शिवा सगळ्याला हो म्हणायचा आणि गाडीची वेळ झाली की उठायचा.

शेवटी नामदेवच शाळेत आला. दाराबाहेर टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, "बाई, आता त्याला काय सांगू नगा. तिकडं आमीबी अशीच वाट बघितली. मी जातो त्याच्यासंगं."

पुढं एका शनिवारी मला सांगलीला जायचं होतं, म्हणून संध्याकाळी स्टेशनवर गेले. दोघं बाकावर बसले होते. नामदेव खिशातल्या भुईमुगाच्या शेंगा सोलून शिवाच्या हातावर ठेवत होता.

गाडी आली. शिवा उठला आणि पहिल्या डब्यापासून चालत गेला. उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडे त्यानं बघितलं. नामदेव बाकावरच बसून राहिला. मी डब्यात चढून खिडकीशी जागा धरली तोवर शिवा परत येऊन त्याच्या शेजारी टेकला होता.

"आजबी न्हाई आला," शिवा म्हणाला.

"उद्या येईल," नामदेव म्हणाला, आणि पुढची शेंग सोलायला घेतली.