सातव्या धड्यातली कॉलर

शिवणवर्गाचे मास्तर तसे माणूस वाईट नव्हते, पण मेव्हणीचं नाव निघालं की त्यांच्या पोटात दुखायला लागायचं. आणि का दुखू नये? मशिनमध्ये दोरा ओवायला तिला शिकवलं कोणी? मास्तरांनीच! सव्वीस वर्षं शिवणकेंद्रात शर्ट शिकवला, कॉलर बसवावी तर मास्तरांनीच असं नाव कमावलं. मग ही केंद्रात लागली, ऑनलाइन कोर्स आले, आणि बाईसाहेबांच्या कोर्सला ही झुंबड! मास्तरांच्या कोर्सला आलेला पाचव्या मिनिटाला पसार.

त्यात केंद्राच्या मॅडमनी फर्मान काढलं, की शर्टाचा एकच कोर्स ठेवायचा. आधी दोघांनी एकमेकांचा कोर्स शेवटपर्यंत बघायचा आणि दर्जाचा तक्ता भरायचा. धडा लांबलाय का, हात दिसतात का, चुकलं तर शिकणाऱ्याला कळतं का, असले प्रश्न.

"आता बघतोच तिला," मास्तर बायकोला म्हणाले.

"तिला नका बघू, कोर्स बघा," बायको म्हणाली. "तुमचा निकाल आधी लागतो आणि साक्षीपुरावे मागून येतात."

बहिणीचीच बाजू घेणार ही, दुसरं काय! मास्तर कॉम्प्युटरपुढे बसले.

पहिला धडा सहा मिनिटांचा. ना नमस्कार, ना प्रस्तावना. कॅमेरा उजव्या खांद्यामागे, थेट हातांवर. मास्तर चपापले. वर्गात ते स्वतः हेच ओरडायचे, "समोर काय उभ्या राहता? मागे या, खांद्यावरून बघा!" आणि स्वतःच्या शूटिंगला मात्र इस्त्रीचा शर्ट घालून पन्नास मिनिटं कॅमेऱ्याला तोंड दाखवत बसले होते. हात सगळे मशिनच्या आड.

"चोरटी! माझीच पद्धत उचलली की!"

दुसऱ्या धड्यात तिने खिसा मुद्दाम वाकडा शिवला, कुठे चुकलं ते विचारलं आणि उसवायला लावला. हेही मास्तरांचंच. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'ताई, आयुष्यात पहिल्यांदा खिसा सरळ आला.' मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांना कोणी एवढं कधी लिहिलं नव्हतं. त्यांनी कोर्स तिथेच बंद केला आणि तक्ता ओढला.

दहापैकी दोन गुण. शेरा: 'उथळ.' पण मॅडम पुरावा मागणार. मास्तरांनी जरा विचार केला. वर्गात असताना तिची कॉलर एकदा तरी सरळ बसली होती का? मग आत्ता कुठली बसतेय! त्यांनी ठोकून दिलं: 'सातव्या धड्यात कॉलर वाकडी बसली आहे.'

आठवड्याने मॅडमनी दोघांना समोर बसवलं. आधी मेव्हणीचा तक्ता वाचायला घेतला. चांगली चार पानं होती.

"'एकविसाव्या मिनिटाला मास्तर कॉलरचं टोक दोऱ्याने ओढून काढतात. असं दुसरं कोणी शिकवत नाही, पण हात दिसत नाहीत. मागून पुन्हा शूट करावं. चौतिसाव्या मिनिटाला बटणपट्टीचा धडा वेगळा तोडावा...'" मॅडमनी मान वर केली. "मास्तर, तुमचा कोर्स शेवटपर्यंत बघणाऱ्या या एकट्याच हं."

मास्तरांना गुदगुल्याही झाल्या आणि मिरच्याही झोंबल्या. मेलीला इतकं बारकाईने बघायचं काय अडलं होतं? तेवढ्यात मॅडमनी मास्तरांचा तक्ता उचलला. मोठ्याने नका वाचू, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण उशीर झाला होता.

"'सातव्या धड्यात कॉलर वाकडी बसली आहे.'"

मेव्हणीने पेनाचं टोपण लावलं.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "सातव्या धड्यात बाह्या आहेत."

"मग आठव्यात असेल. मी घाईत लिहिलं."

"आठव्यातही नाही. माझ्या कोर्सात कॉलरच नाही. मला अजून ती धड बसत नाही. शेवटच्या धड्यात मी सांगितलंय, कॉलर शिकायची तर मास्तरांकडेच जा."

मॅडमनी तक्ता खाली ठेवला. दोघीही मास्तरांकडे बघत होत्या.

"शेवटचा धडा कितवा?" मास्तरांनी विचारलं.